त्या एकतेत वहिनी नव्हत्या

लोखंडी खुर्ची फरशीवर घासत मागे सरकल्याचा आवाज.

पन्नासहून जास्त वर्षं झाली. माझ्या कानातून तो गेलेला नाही.

ती खुर्ची सुमनवहिनींची. माझ्या थोरल्या दादाची बायको. नव्वदीला टेकल्या होत्या. आज पहाटे गेल्या.

आणि दुपारपर्यंत चौकात फ्लेक्स लागलासुद्धा! वहिनींचा जुना फोटो, त्याखाली त्याहून मोठे पुढाऱ्यांचे फोटो, आणि हिंदीत ठळक अक्षरं: 'सर्वधर्म एकता की मिसाल.'

खोटं आहे. साफ खोटं.

ज्या दिवशी बऱ्हाणपुरात सगळे धर्म एक झाले, त्या दिवशी वहिनी उठून गेल्या होत्या.

ठाऊक नसलेल्यांसाठी लिहितो. आवडलं नाही तर खुशाल अनफ्रेंड करा.

राष्ट्रीय एकात्मतेचे दिवस होते ते. भिंतीभिंतीवर घोषणा. मी शाळेत मराठी शिकवायचो. वेगवेगळी फुलं, एकच दोरा, अशा कविता मुलांकडून चालीवर म्हणून घ्यायचो. म्हणता म्हणता माझेच डोळे भरून यायचे. अजूनही येतात, काय करू.

गर्भपाताचा नवा कायदा नुकताच आला होता. आणि वहिनींना नगरपालिकेचं तिकीट मिळालं होतं.

वहिनी काही देवधर्म सोडलेल्या नव्हत्या. गुरुवारचा उपास, राजघाटावर तापीमायला दिवा, कधी चुकला नाही. दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं होतं. "मी मरेन, पण हातानं असलं करणार नाही," म्हणायच्या.

पण जना होती ना.

बहादरपूरला आमच्या केळीत कामाला यायची. चार लेकरं पदरात. पाचव्यांदा राहिलं तेव्हा चोरून कुणाकडून तरी काडी घालून आली. दवाखान्यात नेताना बैलगाडीतच गेली. डोकं वहिनींच्या मांडीवर होतं.

तेव्हापासून वहिनी चारचौघांत बोलू लागल्या. "मला नको, मी जाणार नाही. पण जनासाठी दवाखान्याचं दार उघडं पाहिजे."

मग आली ती एकात्मता सभा.

स्टेजवर कीर्तनकार बुवा, मौलानासाहेब, पाद्रीबाबा, एका ओळीत. शेजारी वहिनी. आणि पक्षाचे भैयाजी, ज्यांच्या हातात तिकिटं होती.

एकतेची भाषणं झाली. मग भैयाजींनी एक निवेदन काढलं: गर्भपात आमच्या सर्व धर्मांना अमान्य, हा या शहराचा एकमुखी आवाज. तिघांनी सह्या केल्या. टाळ्यांचा कडकडाट.

कागद वहिनींसमोर आला.

"वहिनीजी, सही कर दो. देश की एकता का सवाल है."

"देशाचा कधीपासून, भैयाजी? पोट तर बाईचं आहे."

मौलानासाहेब मिस्कील माणूस. म्हणाले, "बहनजी, बुवाजी और मैं ज़िंदगी में पहली बार किसी बात पर राज़ी हुए हैं. खेल मत बिगाड़िए."

मैदान हसलं. बुवाही हसले.

वहिनी नाही हसल्या. "तुम्ही दोघं राजी झालात, चांगलं झालं. पण कुणाला विचारून? जना असती तर तिला विचारलं असतं का?"

भैयाजी हळूच वाकले. "हट्ट करू नका. तिकीट कटेल."

माइक चालू होता. सगळ्या मैदानानं ऐकलं.

आणि मग तो आवाज. खुर्चीचा.

बुवांचा मला राग नाही. मौलानासाहेबांचा नाही, पाद्रीबाबांचाही नाही. त्यांना ते मनापासून पाप वाटत होतं, आणि तसं वाटायचा त्यांचा हक्क वहिनींनी कधी नाकारला नाही.

राग आहे तो ज्यांना पापाचंही पडलं नव्हतं आणि पुण्याचंही. ज्यांना फक्त मतं हवी होती, आणि मतांना ज्यांनी देश असं नाव दिलं. मग ज्या बाईला पटलं नाही, ती आपोआप देशाबाहेर!

कवितेतला दोरा गळ्याभोवतीही आवळता येतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं. हे कुठल्या धड्यात नव्हतं.

तिकीट गेलं. घरी दादा म्हणाला, "गेलं ना? बरं झालं. आता भाकरी तरी गरम मिळेल."

वहिनींनी चिमटा उगारला, तेव्हा कुठे दोघं हसली.

पण खरा घाव संक्रांतीला बसला.

वहिनींच्या हळदीकुंकवाला सगळी गल्ली लोटायची. त्या वर्षी दादानं स्वतः सतरंजी अंथरली. तिळगुळाचं ताट, हळदीकुंकवाचे करंडे, अत्तरदाणी, सगळं मांडून वहिनी बसल्या.

कुणी आलं नाही.

भैयाजींची माणसं घरोघर सांगून गेली होती: पोरं पाडणारीच्या हातचं कुंकू लावून घेणार का?

पोरं पाडणारी! दोनदा पोट रिकामं झालेल्या माझ्या वहिनीला!

आज त्याच पक्षाचा फ्लेक्स आहे. फेसबुकवर त्याच्या फोटोखाली कमेंटा पडताहेत, 'ताई अमर रहे.' अरे, ती बाई जिवंत असताना तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवायला काय झालं होतं तुम्हाला?

वहिनी, मी त्या फ्लेक्सखाली हात जोडून उभा राहणार नाही. संध्याकाळी तापीकाठी येतो, तुम्हाला पोचवायला. सुखानं जा.

जाताना ती संक्रांत मात्र घेऊन जा.

दिवेलागण झाली होती. ताट झाकायला तुम्ही उठलात, आणि दाराची कडी वाजली.

दारात बुवांची आई. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. विधवेला तेव्हा हळदीकुंकवाला कोण बोलावतंय? त्याही अशा दिवशी कधी कुणाच्या दारी जात नसत. आणि सभेत पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली होती ती त्यांनीच.

काठी टेकून त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"सुमन, तुझं मला पटलेलं नाही. मरेपर्यंत पटायचं नाही. पण भरल्या ताटापाशी बाई एकटी बसलेली मला बघवत नाही. मला कुंकू चालत नाही गं, तिळगूळ चालतो. आत येऊ का?"