सहा हजार वाचकांची खानावळ

रायगडाच्या पायथ्याला, पाचाडला, एका वहिनींची छोटीशी खानावळ आहे. तिथं पिठल्यात भाकरी बुडवता बुडवता मी बोलून गेलो की माझा ब्लॉग महिन्याला सहा हजार माणसं वाचतात. तोंडात घास होता म्हणून आकडा जरा घोगरा निघाला, पण निघाला.

वहिनींचा हात तव्यावर थांबला. "सहा हजार? मानसं?"

"माणसंच."

"दर म्हैन्याला?"

"कधी जास्तच," मी म्हणालो आणि आणखी पिठलं मागितलं.

मी महाडच्या एका कॉलेजात हेडक्लार्क आहे. राहतो पोलादपूरला. रोज मोटारसायकलनं जाऊन-येऊन करतो. आमच्याकडे कॉलेजात कामाला असलेल्या कुणालाही लोक सर म्हणतात, त्यामुळे मीही सर आहे. शिकवत काही नाही, बोनाफाइडवर सही-शिक्का देतो. चार वर्षांपूर्वी ब्लॉग सुरू केला. रविवारी कुठंतरी जायचं आणि सोमवारी त्यावर लिहायचं. महाडजवळच्या सव गावात गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो त्यावर एक लेख, घाटातल्या धुक्यावर एक, धुक्यात रस्ता चुकलो त्यावर दोन.

पहिली दोन वर्षं मी आणि माझी मावसबहीण, असे दोघेच वाचक होतो. मग गेल्या जुलैपासून आकडा एकदम चढला. दोनशे, अडीचशे असा महिन्याला सरपटणारा आकडा चार हजारांवर गेला, मग पाच, मग सहा. पूर्वी मी उठल्यावर पेपर वाचायचो, आता आकडा वाचायला लागलो. नकाशावर ठिपके दिसतात, कुठून किती जण आले त्याचे. मुंबई, पुणे, ठाणे अशा बारक्या पुळ्या आणि महाडवर एवढं मोठं टेंगूळ. आपण नोकरी करतो त्या गावानं आपल्याला ओळखलं, असं म्हणून मी दोनदा डोळे पुसले. दुसऱ्यांदा बायको बघत होती.

"काय झालं?"

"काही नाही. गाव वाचतंय."

ती पोलादपूरला प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. गाव किती वाचतं याची तिला जास्त माहिती असावी, पण ती भाजी चिरायला बसली.

त्याच सुमारास मला एक वेबसाइट सापडली. तिथं आपल्या ब्लॉगचा पत्ता टाकला की ती ब्लॉगची किंमत सांगते. मी टाकला. चक्र गोल गोल फिरलं आणि उत्तर आलं, अडीच लाख रुपये. मी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

"अडीच लाख," मी म्हणालो.

"कसले?"

"माझ्या ब्लॉगची किंमत."

"मग विकून टाका," ती कुकरची शिटी काढत म्हणाली. "गिऱ्हाईक आहे का कुणी?"

गिऱ्हाईक नव्हतं. पण मी एक दरपत्रक करून घेतलं. तुमच्या हॉटेलवर, रिसॉर्टवर, खानावळीवर फोटोंसह लेख लिहून मिळेल. वर ठळक अक्षरात 'दरमहा सहा हजार वाचक'. बिरवाडीतल्या एका लॉजवाल्यानं ते वाचून त्याच कागदात मला भजी बांधून दिली. दुसऱ्या एकानं विचारपूर्वक दात कोरले. पाचाडच्या वहिनी या माझ्या पहिल्या आणि आजवरच्या एकुलत्या एक पैसे देणाऱ्या. पंधराशे रुपये आणि दोघांचं जेवण. जानेवारीत लेख टाकला. नाव दिलं, 'चुलीच्या धुरात विरघळलेला रायगड'. मला ते अजूनही आवडतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला.

"सर, आमच्या ह्यांना बोलवून घेते हाय. पाडव्याला नोकरी सोडून येतील."

त्यांचे यजमान मुंबईला एका कचेरीच्या कँटीनमध्ये वीस वर्षं कामाला. गाववाल्यांच्या खोलीत आठ जणांत राहायचं, शिमग्याला आणि गणपतीला यायचं. वहिनी म्हणाल्या, "मी एकलीनं किती रांधू? सहा हजारातले शंभर जरी आले, तरी माजे हात पुरायचे नायत. म्हटलं येऊ दे त्यांना. तुमी सांगितल्याव धीर आला बगा."

मी म्हणालो, "बोलवा, बोलवा." दोनदा म्हणालो, हे मला चांगलं आठवतं. फोन ठेवून मी बायकोला मोठ्या अभिमानानं सांगितलं, की माझ्या लेखणीमुळे एक माणूस घरी परत येतोय. तिनं वह्या तपासता तपासता मान वर केली.

"तुम्ही त्यांना नोकरी सोडायला सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? आकडाच बोलतो."

"आकडा बोलतो ते ठीक आहे. पण पगार कोण देणार?"

मला तिचा राग आला. आपल्या घरात आपल्याला किंमत नसते, या विषयावर एक लेखही डोक्यात आला.

मग वीस मार्च आला. वीस मार्चला महाडात पाय ठेवायला जागा नसते. सत्याग्रहाचा दिवस म्हणून गावोगावची माणसं तळ्यावर येतात. कॉलेज बंद असतं आणि आमचा कॉलेजातल्या लोकांचा गट दरवर्षी पाणी वाटतो. मी टेबलामागे उभा राहून ग्लास भरत होतो आणि मधेच सवयीनं मोबाइल बघत होतो. समोरून लाखभर माणूस चाललेला आणि माझ्या ब्लॉगवर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सव्वीस भेटी. त्यातल्या नऊ माझ्याच असाव्यात.

घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, "सुट्टीच्या दिवशी लोक वाचतच नाहीत गं. रविवारी पण असंच होतं."

"असंच म्हणजे कसं?"

"वीस-पंचवीस. सोमवारी परत दोनशेच्या वर."

"आणि दिवाळीत?"

"दिवाळीत तर तीन आठवडे आकडा पडलेला होता. लोक फराळात असतात ना."

ती हात पुसत माझ्याशेजारी येऊन बसली. शाळेत एखादा मुलगा गणित चुकला की ती अशीच शेजारी बसते म्हणे. "एक माणूस किती वेळ वाचतो ते येतं का यात?"

येत होतं. सरासरी चार सेकंद. मी त्याचं कारणही शोधून ठेवलेलं होतं, लोक घाईत असतात.

"चार सेकंदात तुमचं शीर्षक पण होत नाही," ती म्हणाली. "रविवारी नाही, दिवाळीत तीन आठवडे नाही, वीस मार्चला नाही. अहो, हे वाचक नाहीत. हे कॉलेज आहे."

मी हसलो आणि हसता हसता मला जुलै आठवला. जुलैमध्ये कॉलेजच्या संगणक कक्षातली सगळी यंत्रं नव्यानं चालू केली होती. तिथल्या सहायकानं मला विचारलं होतं, "सर, इंटरनेट उघडल्यावर पहिलं पान कुठलं ठेवू?" मी म्हणालो होतो, माझा ब्लॉग ठेव, पोरं जरा मराठी वाचतील. त्यानं ठेवला. मी ते विसरून गेलो. विसरलो असं मी आजही सांगतो, बायको मात्र त्याच्या आधी 'सोयीनं' असा एक शब्द लावते.

कागद घेतला. तीस संगणक, दिवसाला सात तुकड्या, महिन्याला पंचवीस दिवस. पाच हजार दोनशे पन्नास. प्रत्येक पोरगं इंटरनेट उघडत होतं, माझा धुरातला रायगड चार सेकंद बघत होतं आणि आपल्या कामाला जात होतं. उरलेल्या साडेसातशेत मी स्वतः दिवसाला दहा-बारा वेळा. राहिले चारशे. तीही माणसं नव्हेत, भेटी.

"पाडवा कधी आहे?" बायकोनं विचारलं.

"पुढच्या रविवारी."

"मग या रविवारी जायचं. फोनवर नाही सांगायचं हे."

रविवारी दोघं मोटारसायकलवर निघालो. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. तांत्रिक अडचण, मोजणीतली तफावत, असे शब्द छान बसत होते. पाचाडला पोचलो तर वहिनींनी मागच्या खोलीला नवा रंग दिलेला. यजमानांची खोली म्हणून.

"या बाई, या सर. ह्ये बगा तुमचंच काम," असं म्हणून त्यांनी मला दाराच्या मागं नेलं. तिथं कोळशाच्या रेघा होत्या. नवीन माणूस जेवायला आला की त्या विचारायच्या, कुठनं कळलं? मोबाइलवर वाचलं म्हणाला, की एक रेघ. एकोणीस रेघा होत्या.

"दोन म्हैन्यात एकोनीस," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, बाकीचे वाटंला हायत."

माझी सगळी जुळवलेली वाक्यं तिथंच संपली. मी सरळ सांगितलं. कॉलेजचे संगणक, तीस, सात, पंचवीस, सगळं. वहिनींना ते यंत्राचं कळलं नाही, पण मूळ मुद्दा माझ्यापेक्षा लवकर कळला.

"म्हंजे सहा हजार नायतच?"

"नाहीत."

"पोरं बगत व्हती, पन वाचत नव्हती."

"हो."

त्या चुलीपाशी जाऊन बसल्या. जाळ नीट होता तरी लाकडं मागंपुढं केली. मग कनवटीचा फोन काढला आणि लावून माझ्याकडे दिला. "तुमीच सांगा त्यांना. मी सांगितलं तर म्हनतील, हिला मी नको झालोय."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. रविवारीही कँटीन चालू असावं. मी ओळख सांगितली, मग झालं ते सांगितलं.

"मग खरे किती, सर?"

"चारशे. पण त्या भेटी आहेत, माणसं नव्हेत. एकच माणूस दहा वेळा आला तरी त्या दहा होतात."

"आमच्या हितं बी एकच मानूस चार येळा चा पितो," ते म्हणाले. "पन आमी त्याला चार मानसं नाय म्हनत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शेटना सांगून बसलोय मी," ते पुढं म्हणाले. "त्यांनी दुसरा मानूस बगितला नसंल तर बरं. ट्रंक त भरून ठेवलीय."

अर्ध्या तासानं परत फोन करतो म्हणाले. तो अर्धा तास आम्ही तिघं खानावळीत बसून होतो. मी मोबाइलला हात लावला नाही, बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा. बायको वहिनींबरोबर लसूण सोलायला बसली. पुण्याकडचं एक कुटुंब आलं, चार जण. वहिनींनी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "कुठनं कळलं?" त्यातला बाप्या म्हणाला, "गडावरून उतरलो, भूक लागली." रेघ पडली नाही.

फोन वाजला. वहिनी बाहेर जाऊन बोलल्या. आत आल्या तेव्हा पदरानं तोंड पुसत होत्या, घाम की काय ते मी बघितलं नाही.

"दुसरा मानूस मिळाला नव्हता आजून. ऱ्हातील तितंच." मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "म्हनाले, ट्रंक रिकामी करतो. पावसाळ्यात बगू परत. एकोनीसाचे तीस होऊ देत, मंग येतो."

मी खिशातून पंधराशे रुपये काढले. वहिनींनी नको-नको केलं नाही, घेतले आणि पिठाच्या डब्यामागं ठेवले. मला त्यांचं ते घेणं फार बरं वाटलं. जेवणाचे पैसेही घेतले. भाकरी नेहमीसारखीच होती, मी मात्र आणखी पिठलं मागितलं नाही.

सोमवारी संगणक कक्षात जाऊन तीसही यंत्रांवरचं ते पान काढायला लावलं. सहायक म्हणाला, "बरं झालं सर, पोरं कटाळली होती." पण ते सोमवारचं. रविवारी परत येताना महाडच्या अलीकडे उसाचा रस प्यायला थांबलो. मी खाली मान घालून उगाच मोटारसायकलच्या चाकातली हवा दाबून बघत होतो. बायको बाकड्यावर बसून मोबाइलवर काहीतरी वाचत होती. बराच वेळ वाचत होती, चार सेकंद नक्कीच नाही.

मग ती म्हणाली, "तुमचा हा लेख मी आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. धुरावर तीन परिच्छेद आहेत, ढगांवर दोन. खानावळ पाचाडात नेमकी कुठं आहे, कुठून वळायचं, ते कुठंच नाही. वहिनींचा फोन नंबर नाही. अहो, ती एकोणीस माणसं विचारत विचारत पोचली असतील. घरी गेल्यावर कपडे नंतर बदला, आधी तेवढं लिहा."