मिस अर्नेस्टीनचा तिसरा धडा

आमच्या गल्लीत ज्याला ज्याला गाडी चालवता येते, त्याला ती मिस अर्नेस्टीन टगल यांनी शिकवलेली आहे. सेंट लुईसच्या उत्तर भागातल्या काळ्या वस्तीतली आमची ही लाल विटांची गल्ली आता निम्मी रिकामी झाली आहे. इथली मुलं कोणी अटलांटात, कोणी ह्यूस्टनमध्ये संसार थाटून बसली आहेत. पण त्यांच्यापैकी कोणी थँक्सगिव्हिंगच्या सणाला इकडे आलं आणि दारासमोर गाडी लावली, की मी व्हरांड्यात बसल्या बसल्या ओळखते, हा टगलबाईंच्या हाताखालून गेलेला. गाडी थांबली की आधी रेडिओ बंद होतो, मग काच खाली येते आणि दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला जाऊन बसतात. आपण आपल्याच गल्लीत आलो आहोत हे त्याच्या हातांना जरा उशिरा कळतं.

मी त्यांच्याकडे शिकले चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात. बाई बुटक्या, ठसठशीत, तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. त्यांची फिकट हिरवी प्लायमाउथ गाडी उन्हात तापली की आत त्या पेपरमिंटचा आणि केसांच्या तेलाचा वास भरून राही. अजूनही कुठे तो वास आला की माझा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागतो. मागच्या सीटवर त्यांचा मुलगा लायनल गणिताची वही मांडीवर घेऊन बसलेला असे. नवरा गेलेला, पोराला ठेवणार कुणाकडे? म्हणून आठ वर्षांचं ते पोर प्रत्येकाच्या प्रत्येक धड्याला हजर.

पहिल्या धड्यात आरसे, ब्रेक आणि स्टिअरिंग. "हळू धर गं, गळा आवळायला नाही दिलेलं ते." दुसऱ्या धड्यात मागच्या बोळात कचऱ्याच्या दोन पिंपांमध्ये गाडी लावायची. मी एक पिंप असं चेपलं होतं की जॉन्सनकाकू मला महिनाभर त्यावरून बोलत होत्या. तिसऱ्या धड्याला मात्र गाडी जागची हलत नसे.

त्या दिवशी बाई खाली उतरल्या, डिकी उघडली आणि आतून बस ड्रायव्हरची एक जुनी टोपी काढून डोक्यावर चढवली. हातात टॉर्च, भर उन्हात. मग गाडीच्या मागून इतक्या सावकाश चालत आल्या की मला वाटलं, बाईंचे पाय दुखताहेत.

"गाडी कोणाची?"

मला हसूच आलं. "मिस अर्नेस्टीन, तुमचीच की."

"कोण मिस अर्नेस्टीन? मी काय तुझ्या ओळखीचा आहे? गाडी कोणाची, विचारतोय. लायसन्स दाखव."

मी पर्सकडे हात नेला. टॉर्च खाडकन दारावर आपटला.

"मेलीस," बाई म्हणाल्या. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तितक्या साध्या आवाजात. "चल, पुन्हा."

"अहो, पण मी लायसन्सच काढत होते."

"ते तुला माहीत. त्याला काय माहीत? आधी सांगायचं, मग विचारायचं, तो हो म्हणाला की मग हात हलवायचा. नाकाला खाज सुटली तरी विचारायचं."

मागून लायनल म्हणाला, "आणि शिंक आली तर गं, आई?"

"तू गणितं कर."

त्या दिवशी त्यांनी मला सात-आठ वेळा मारलं असेल. दर वेळी त्या वेगळे पोलीस व्हायच्या. कधी गोड बोलणारा, कधी च्युइंगम चघळत गाडीभर नजर फिरवणारा. आणि एक घाबरलेला. तो त्या इतका हुबेहूब करायच्या की त्यांचा आवाज चिरकायचा, हातातला टॉर्च थरथरायचा. "सगळ्यात वाईट हा," टोपी काढून घाम पुसत त्या म्हणाल्या. "रागावलेल्या माणसाशी बोलता येतं. घाबरलेल्याला ऐकूच येत नाही. त्याच्याशी तान्ह्या बाळाशी बोलतेस तसं बोल."

ती टोपी त्यांच्या नवऱ्याची, वेंडेलची. वेंडेल शहराच्या बसवर ड्रायव्हर होता. रुंद खांद्यांचा, मोठ्याने हसणारा माणूस. आमची बस त्याची असली की आम्ही पोरी मुद्दाम पुढच्या बाकावर बसायचो. एकदा पाळी संपवून स्वतःच्या गाडीने घरी येत असताना त्याला दोन पोलिसांनी अडवलं. काय तर म्हणे मागचा दिवा बंद. अंगावर बसचा गणवेश, डोक्यावर ही टोपी, आणि वेंडेलने काय करावं, तर कागद नीट वाचता यावेत म्हणून खिशातला चष्मा काढायला हात घातला. त्यांनी त्याला दांडक्यांनी बडवलं; डावा कान गेला, जबडा पुन्हा कधी सरळ झाला नाही. त्या कानापायी बसही गेली. पुढची काही वर्षं तो घरासमोर पायरीवर बसून असायचा, कोणी बोललं की उजवा कान पुढे करायचा, पण त्याने पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. तो गेल्यावर मिस अर्नेस्टीननी गल्लीतल्या पोरापोरींना गाडी शिकवायला सुरुवात केली. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं.

माझ्या परीक्षेची गोष्ट अजून लोक मला ऐकवतात. परीक्षा घेणारा गोरा साहेब फळीला कागद लावून गाडीकडे आला, आणि तो खिडकीशी पोचतो न पोचतो तोच मी दोन्ही हात वर ठेवून घडाघडा म्हणून मोकळी झाले, "साहेब, माझे हात इथे आहेत. लायसन्स पर्समध्ये आहे, पर्स उजव्या बाजूला आहे. काढू का?"

तो बिचारा लालेलाल झाला. म्हणाला, "बाई, लायसन्स अजून तुम्हाला मिळायचंय. त्यासाठीच आपण आलोय ना इथे?"

पास झाले. त्या शुक्रवारी रीतीप्रमाणे मिस अर्नेस्टीनच्या परसात मासे तळले गेले. ज्याला लायसन्स मिळेल त्याच्या नावाने मासे, सोबत स्पगेटी, पांढरा ब्रेड आणि डोळ्यांत पाणी आणणारा तिखट सॉस. मी ती गोष्ट सांगितली आणि माणसं हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. बाई हसल्या नाहीत. मला आणखी एक मासा वाढून म्हणाल्या, "बरं झालं. आता विसरायची नाहीस." काय दिवस होते ते. प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी बसलेलं, प्रत्येक खिडकीतून गाणी, आणि त्या हिरव्या गाडीत कोणाचं तरी पोर घामाघूम झालेलं. आता संध्याकाळी गल्लीत कुत्रं फिरकत नाही, आणि मला त्या गोंगाटाची फार आठवण येते.

सगळ्या गल्लीला शिकवलं, पण स्वतःच्या पोराला नाही. लायनल सोळाचा झाला, अठराचा झाला, इस्पितळात एक्स-रे काढायच्या नोकरीला लागला, तरी बसनेच जायचा. न्हाव्याच्या दुकानात त्याची यथेच्छ थट्टा व्हायची. "लायनल, तुझ्या आईला विचार, माझ्या कुत्र्यानंतर तुझा नंबर लागतोय का." मी एकदा विषय काढला तर मिस अर्नेस्टीन म्हणाल्या, "त्याला दिशा कळत नाहीत गं." ज्या पोराला शहरातली प्रत्येक बस तोंडपाठ, त्याला म्हणे दिशा कळत नाहीत. आम्ही समजलो, वेंडेलचं झालं ते पोराचं होऊ नये म्हणून बाई त्याला स्टिअरिंगपासून लांब ठेवताहेत. आईचं मन, आपण काय बोलणार?

चोवीस वर्षांचा घोडा झाल्यावर लायनल इस्पितळातल्या एका मित्राकडून गुपचूप शिकला. आणि एका रविवारी चर्च सुटल्यावर जुनीच पण चकचकीत पुसलेली निळी गाडी घेऊन आमच्यासमोर उभा राहिला. "बसा. मावशीकडे जेवायला जायचंय ना, मी सोडतो." मिस अर्नेस्टीन त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पुढे बसल्या. मी मागे, मांडीवर केकचा डबा.

नॅचरल ब्रिज रस्त्याने शहराची हद्द ओलांडली, की दर मैलावर वेगळं गाव आणि वेगळे पोलीस. अशाच एका गावात मागे दिवे लुकलुकले. लायनलने गाडी कडेला घेतली. रेडिओ बंद. काच खाली. हात वर. मी मागे केकचा डबा दोन्ही हातांनी वर धरून बसले, जशी काही केकचीच आरती करते आहे.

आला तो पोलीस जेमतेम पंचविशीचा असेल. गाल अजून पोरासारखे, आणि उजवा हात कमरेच्या पिस्तुलावर.

"गाडी कोणाची?"

तोच प्रश्न. लायनल उत्तर देतच होता, तेवढ्यात मिस अर्नेस्टीनचे डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं आणि त्यांनी रुमालासाठी पर्समध्ये हात घातला. ज्यांनी मला त्याच एका चुकीसाठी सात-आठ वेळा मारलं, त्याच मिस अर्नेस्टीननी.

पोलीस झटकन मागे सरला. "हात, हात दिसू देत." त्याचा आवाज चिरकला. पिस्तूल अर्धं बाहेर आलं होतं.

लायनलने मान वळवली नाही. "आई, हात काढ आणि समोर ठेव. सावकाश." मग तान्ह्या बाळाशी बोलावं तशा आवाजात त्या पोलिसाला म्हणाला, "साहेब, ही माझी आई आहे. तिच्या पर्समध्ये रुमाल आहे. तिला नाक पुसायचंय. रुमाल काढला तर चालेल का?"

"राहू दे," पोलीस म्हणाला.

तो लायनलचे कागद घेऊन आपल्या गाडीत गेला, परत येईपर्यंत मिस अर्नेस्टीन तशाच बसून होत्या. दोन्ही हात समोर, रविवारची टोपी डोक्यावर, आणि नाकातलं पाणी ओठांवर येत होतं. मला तो दिवस आठवला की अजून संताप होतो. इंडिकेटर उशिरा दिला एवढं सांगून त्याने आम्हाला सोडलं.

पुढे एका बंद दुकानासमोर लायनलने गाडी थांबवली आणि स्वतः रुमाल काढून आईच्या हातात दिला. नाक पुसून बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं मी बाहेर उभी राहायचे. आत बसल्यावर काय होतं ते मला माहीतच नव्हतं." मग लायनलकडे वळून म्हणाल्या, "तुला हे कुणी शिकवलं?"

"तूच की. मागे बसून दुसरं काय करत होतो मी?"

"गणितं."

"एक पण नाही केलं."

त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. "शिंकेचं मी तुला कधी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी लायनलला गाडीवरून कधी टोकलं नाही. दर रविवारी त्याच्याच गाडीतून चर्चला यायच्या, रुमाल मात्र हातात धरून.

त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. या वसंतात लायनल आपल्या मुलीला, कॅमिलला, गाडी शिकवायला आमच्याच गल्लीत घेऊन आला, इथे रहदारी नाही म्हणून. पोरीने पिंपांमध्ये गाडी छान लावली. पुढच्या खेपेला लायनलने डिकीतून ती टोपी काढली. मी व्हरांड्यातून बघत होते. त्याने ती घातली, टॉर्च घेतला आणि गाडीच्या मागून सावकाश चालत निघाला. मागच्या दाराशी पोचला आणि थांबला. आत कॅमिल हात वर ठेवून आरशात त्याच्याकडे बघत होती. मग टोपी काढून रस्ता ओलांडून माझ्याकडे आला.

"मिस रोझेटा, तुम्ही जाल का?"

"अरे, माझे गुडघे बघ. तुझी मुलगी आहे, तूच कर ना."

"नाही जमत हो. तिने आरशात माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ना..." त्याने टोपी माझ्यापुढे धरली.

तेव्हा मला मिस अर्नेस्टीन कळल्या. दिशा कळत नाहीत म्हणे. गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या खिडकीशी जाऊन त्यांनी त्याला मारलं होतं. आपल्या एकुलत्या एका पोराच्या खिडकीशी ती टोपी घालून उभं राहणं त्यांना जमलं नसतं.

मी टोपी घेतली. वेंडेलचं डोकं मोठं होतं, ती माझ्या कानांवर आली. गुडघ्यांमुळे सावकाश चालायचं नाटक करावं लागलं नाही.

"गाडी कोणाची?"

"माझ्या बाबांची, साहेब," कॅमिल म्हणाली. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला होते. लायनल माझ्या व्हरांड्यात रस्त्याकडे पाठ करून बसला होता.