मामाकडं तीन महिने कुंगफू

हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या मंडळी, कारण शेवटाकडं मला जरा जड जातं. चुकतो सगळेच. कुणी चुकीच्या बसमध्ये बसतो, कुणी चुकीच्या लग्नात जेवून येतो. पण तीन महिने राबून, घाम गाळून, हाताला घट्टे पाडून चुकलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? मग चहा घ्या आणि माझ्याकडं बघा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी बावीस वर्षांचा होतो. रामनगरात स्टँडजवळ वडिलांचं किराणा दुकान. एकदा दुकानासमोर ट्रक लावलेला बघून मी त्याच्या क्लीनरला म्हणालो, "गाडी काढ." त्यानं गाडी काढली नाही, माझ्या कानाखाली काढली. भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर. लोक हसले. गाल चार दिवसांत बरा झाला, पण ते हसणं काही केल्या डोक्यातून जाईना. एकदा, फक्त एकदा, त्या क्लीनरला त्याच जागी लोळवायचं, एवढीच माझी इच्छा राहिली.

नेमका त्याच उन्हाळ्यात गावात व्हिडिओ आला. पंक्चरच्या दुकानामागं ताडपत्री बांधलेली, खाली बसायला पोती, समोर टीव्ही, आणि टीव्हीत कुंगफूची पिक्चरं. त्यांची भाषा कुणाच्या बापाला कळत नव्हती. म्हणून व्हिडिओ चालवणारा भरमा टीव्हीशेजारी उभा राहून अर्थ सांगायचा.

"ह्यो म्हातारा बघा. दिसाय साधा, पर मोठा गुरू हाय. आता त्यो पोरगा पाया पडून इद्या मागतोय. गुरू न्हाई म्हणतोय. गुरू न्हाई म्हणला की व्हय समजायचं."

मग तो शिष्य पाणी भरायचा, लाकडं फोडायचा, अंगण झाडायचा. गुरू तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि शेवटी कळायचं की पाणी भरणं हीच विद्या होती! भरमा सांगायचा, "मागायचं न्हाई, इचारायचं न्हाई. राबायचं. येळ आली की गुरू आपणहून देतो." आम्ही पंधरावीस जण पोत्यावर बसून माना डोलवायचो. शाळेत एवढं मन लावलं असतं तर आज कुठल्या तरी हापिसात साहेब असतो.

आता यात सोमामामा कसे आले ते ऐका. सोमामामा म्हणजे आईचे लांबचे चुलत भाऊ. अणशीला जंगलात घर, भाताची चार खाचरं. बाजाराच्या दिवशी मध आणि आमसुलं घेऊन आमच्या दुकानात यायचे. बारीक अंगाचे, पांढऱ्या दाढीचे, बोलणं मोजकं. तुमच्या लक्षात येतंय ना, मी कुठं चाललोय ते?

एका बाजारी तोच क्लीनर पिऊन आला आणि विनाकारण मामांच्या अंगावर धावला. मामांनी हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. एक पाऊल बाजूला झाले. क्लीनर हवेत हात मारत पुढं गेला आणि थेट गटारात. मामांनी मागं वळूनही बघितलं नाही.

हेच, अगदी हेच मी पोत्यावर बसून बघितलं होतं.

"मामा, ही विद्या कुठं शिकलासा?"

"कसली इद्या? मी बाजूला झालो, त्यो पडला."

"मला शिकवशीला?"

"मला काय बी येत न्हाई बाबा."

न्हाई म्हणले! आणखी काय पुरावा पाहिजे?

घरी मी फक्त एवढंच सांगितलं, की रोपलावणीला मामांकडं राहायला जातो. एरवी दुकान सोडून मला स्टँडपर्यंत हलू न देणारे वडील म्हणाले, "जा की. भातकापणीपतुर ऱ्हा." आईनं बेसनाचे लाडू बांधले, नारळ दिला, आणि वर एक हिरवा खण ठेवला. मला वाटलं, बघा, आईला सांगायच्या आधी कळलं. गुरूच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये.

तुम्ही हसताय. तुम्हाला लगेच कळलं. आमच्या भागात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मामांना शेवंती नावाची लग्नाची मुलगी आहे, हे मलाही ठाऊक होतं. पण पिक्चरमध्ये गुरूला मुलगी असली तर ती भाकरी वाढून आत जाते, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

अणशीला पोचलो. नारळ आणि खण मामांच्या पायाशी ठेवून लोटांगण घातलं. मामा गडबडले. मामी डोळे पुसत आत गेल्या. मी म्हणालो, "मामा, मी काय बी मागणार न्हाई. तुमी सांगशीला ते काम करणार." मामा मला उठवत म्हणाले, "बरं."

झालं, प्रवेश मिळाला.

मग काय सांगता! ओढ्यावरून कावडीनं पाणी आणायचो, तेही हात ताठ आडवे धरून. निम्मं पाणी वाटेत सांडायचं. रोपं लावताना चिखलात पाय फाकवून, कंबर खाली घेऊन उभा राहायचो. शेजारचे शेतकरी विचारायचे, "पावण्याचं पोट बिट बिघडलंय काय?" लाकडं फोडताना प्रत्येक घावाला मी चिनी आवाज काढायचो. मामांची म्हैस पहिल्या आठवड्यात दूध द्यायची थांबली.

आणि शेवंती हसायची. बांधावर पावसाचं इरलं पांघरून, पेजेचं भांडं घेऊन उभी राहायची आणि तोंडावर हात धरून हसायची. ते लोकांचं हसणं नव्हतं. त्या हसण्यानं मला राग येत नव्हता, उलट दुपार कधी होते याची वाट बघायचो. का बघतो, हे मात्र स्वतःला विचारलं नाही. पेजेसाठी, असं समजून होतो.

एकदा तिनं विचारलं, "येवढं कशापायी करतासा?"

मी डोळे मिटून, गुरूच्या थाटात म्हणालो, "तोंडानं मागायचं नसतं. मामांच्या मनात आलं की ते आपणहून देतील."

ती लालबुंद झाली आणि भांडं तिथंच टाकून पळाली. दुसऱ्या दिवशीपासून माझ्या पेजेबरोबर लोणच्याच्या दोन फोडी यायला लागल्या. मी मनात म्हटलं, विद्या जवळ आली.

भातकापणी झाली. एके दिवशी सकाळी बघतो तर आई, वडील आणि गावातले चार वडीलधारे ओसरीवर बसलेले. मध्ये पानसुपारी, नारळ. मला आंघोळ करून नवा सदरा घालायला सांगितलं. परीक्षेचा दिवस.

मामा म्हणाले, "तीन म्हैने बघितलं तुला. असा राबणारा गडी न्हाई मिळायचा. आता लाजू नको. चार मानसांत तुझ्या तोंडानं सांग, काय पायजे?"

मी उठलो, अंगणात उतरलो, एका पायावर उभा राहिलो, दोन्ही हात बगळ्याच्या पंखांसारखे पसरले आणि म्हणालो, "मामा, त्या क्लीनरला ज्या विद्येनं लोळवलं, ती द्या."

अंगणात कोंबडीसुद्धा हलेना.

"कंचा क्लीनर?" मामा म्हणाले.

मी सांगितलं. मामा म्हणाले, "रामनगरातला? आरं, माझ्या फुडं शेण पडलं हुतं. पाय भरंल म्हणून मी बाजूला झालो. त्यो शेणावरनं घसरला."

वडिलांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. आई भिंतीकडं बघायला लागली. आणि दारात शेवंती उभी होती. त्या हिरव्या खणाची चोळी घातलेली, केसांत अबोली. ती हसत नव्हती. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी तिला न हसताना बघितलं, आणि त्याच क्षणी मला कळलं की मला काय पाहिजे होतं. क्लीनर गेला खड्ड्यात. मला तो बांध पाहिजे होता, ते भांडं, त्या लोणच्याच्या फोडी.

मामांनी हळू आवाजात विचारलं, "म्हंजे पोर नको हुती तुला?"

'पाहिजे' म्हणायला तोंड उघडलं. पण मी अजून एका पायावर होतो. तोल गेला आणि आडवा पडलो. उठून बघतो तर दार रिकामं.

मामा समजूतदार. वडीलही म्हणाले, पोरगं येडं हाय, पर वाईट न्हाई. पण शेवंती आतूनच म्हणाली, "ज्येला तीन म्हैने मी दिसले न्हाई, त्येला आता कशापायी दिसू? न्हाई."

आता न्हाईचा अर्थ मला भरमानं शिकवलेला! आठ दिवसांनी परत अणशीला गेलो आणि दारात मांडी घालून बसलो. पिक्चरमध्ये शिष्य असाच बसतो आणि तिसऱ्या दिवशी दार उघडतं. इथं दुपारीच उघडलं. शेवंती पेज घेऊन आली. मला वाटलं, जमलं.

"खावा," ती म्हणाली. "आणि चारची बस धरा. ती चुकली तर उद्याबिगर न्हाई."

पेजेबरोबर लोणचं नव्हतं. शेवंतीच्या न्हाईचा अर्थ न्हाई असाच होता. पुढच्या उन्हाळ्यात तिला खानापूरकडं दिली. लग्नात पंगतीला पाणी मीच वाढलं. हात ताठ धरून नव्हे.

माझंही लग्न झालं, संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण बांधावर इरलं पांघरलेली कुणी बाई दिसली की अजून माझी नजर तिच्या हातातल्या भांड्याकडं जाते.

मध्ये सातआठ वर्षं गेली. एका बाजारी रामनगरच्या स्टँडवर शेवंती भेटली. माहेरी निघाली होती. थोडी जाड झालेली, हसणं तेच. मामांची खुशाली झाली, पावसाचं झालं. बस लागली तशी ती म्हणाली, "शेवटी शिकलासा काय कुंगफू?"

इतकी वर्षं मनात घोळलेलं वाक्य होतं माझ्याकडं. तिला वाट देत मी एक पाऊल मागं सरलो आणि शांतपणे म्हणालो, "शिकलो की. बाजूला व्हायला शिकलो."

शेवंतीचे डोळे क्षणभर भरल्यासारखे वाटले. मग तिची नजर खाली गेली. तोंडावर हात धरून ती हसली, अगदी बांधावर हसायची तशी, आणि बसच्या पायरीवर चढता चढता म्हणाली,

"त्ये बी न्हाई जमलं तुमास्नी."

मी खाली बघितलं. दोन्ही पाय शेणात होते.