दोन चमचे आणि एक अंगठा

स्टेजवर झोपलेल्या मास्तरची गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून ऐकली असेल. लग्नात, बारशात, एसटीची वाट बघता बघता — कुठेही मी ती सांगतो. मान कशी डुलली, टोपी कशी नाकावर आली, जीभ कशी वळेना. लोक डोळे पुसून हसतात. पण त्या गोष्टीचा अर्धा भाग मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही. बायकोलाही नाही. लोकांना हसवणारा माणूस काही लपवत असेल, असं कुणाच्या मनात येत नाही — आणि त्याचा मी भरपूर फायदा घेतला.

सुरुवात कुठून करू? मांजरांपासून करतो. तेवढा भाग सोपा आहे.

१९८० च्या आसपास हिंगणघाटजवळच्या आमच्या गावात मी एका होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. कपाटात वरच्या फळीवर व्हॅलेरियनच्या अर्काची तपकिरी बाटली असे. झोप न येणाऱ्यांसाठी. आपल्या तगरीची विलायती बहीण, असं डॉक्टर म्हणत. वास मात्र पावसात भिजलेले मोजे चार दिवस पेटीत कोंडून ठेवावेत तसा. आणि मांजरांना त्याचं भलतंच वेड. मी दवाखान्याच्या पायरीवर एक थेंब टाकायचो, की गल्लीतली मांजरं येऊन लोळण घ्यायची. रोगी दुखणं विसरून बघत बसायचे. मला प्रेक्षक लागतात — तेव्हाही लागायचे.

डॉक्टर मात्र त्या बाटलीशी खेळत नसत. प्रत्येकाला तेच सांगत : पंधरा थेंब, अर्धा कप पाण्यात, निजायच्या आधी. दिवसा नाही. गुंगी आणणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही गोळीबरोबर नाही, सर्दीच्या गोळीबरोबरही नाही. गुण आला नाही म्हणून थेंब वाढवायचे नाहीत, मला येऊन सांगायचं. झाडपाल्याचं आहे म्हणून साधं समजू नका, आणि स्पिरिटात उतरवलेलं आहे हेही विसरू नका. हे सगळं मला पाठ होतं. डॉक्टरांच्या आवाजात मी ते म्हणूनही दाखवत असे. मुद्दाम सांगतो आहे. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

उमाटे गुरुजी आमच्या शाळेतले मास्तर. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. जिल्ह्यात दारूबंदी लागून काही वर्षं झाली होती, आणि दर गांधी जयंतीला गावाकडून दारू न पिण्याची शपथ वदवून घेण्याचा मान गुरुजींचा असे. सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा माणूस. दुसरा कोण शोभला असता? त्या वर्षी वर्ध्याहून शिक्षण खात्याचे मोठे साहेब येणार होते, आणि हेडमास्तरची जागा गुरुजींना द्यायची की नाही, ते त्यांच्याच हातात होतं.

जयंतीच्या सकाळी गुरुजी दवाखान्यात आले. डॉक्टर वर्ध्याला गेले होते.

"मधुकर, चार दिवसांपासून डोळ्याले डोळा नाई. हात पाय कापून राह्यले. सर्दी हाय म्हणून सकाळी एक गोळी घेतली, तिचाही गुण नाई."

ऐकलंत ना? गोळीचं त्यांनी आपणहून सांगितलं होतं. मी म्हणायला हवं होतं — गुरुजी, दिवसा नाही, आणि गोळीवर तर नाहीच नाही. पण समोर माझे मास्तर हात जोडल्यासारखे उभे होते, आणि डॉक्टरांची खुर्ची रिकामी होती. मी त्या खुर्चीत बसलो. खरंच बसलो. डॉक्टरांसारखा घसा खाकरला. थेंब मोजलेच नाहीत — काचेच्या मापात दोन चमचे ओतले, वर थोडं पाणी घातलं.

"घ्या गुरुजी. वाघासारखं बोलसान."

त्यांनी नाक मुरडलं, डोळे मिटले आणि घेतलं. मी दिलं म्हणून घेतलं. आयुष्यात एकदाच त्यांच्या पोटात स्पिरिट गेलं, ते माझ्या हातून.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. शपथेच्या दुसऱ्याच ओळीत जीभ जड झाली. खुर्चीत बसले ते मान टाकूनच. मी धावत वर गेलो, त्यांना सावरलं. सरपंचांनी वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला आणि ते ताठ झाले. गुरुजी पुटपुटले, "औषध घेतलं."

"सारेच औषधच घेतेत, गुरुजी," सरपंच म्हणाले. आमच्याकडे पिणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा. टिंक्चरच्या बाटल्या कशासाठी खपतात, हे गावाला ठाऊक होतं. मग ते माझ्याकडे वळले. "काऊन बे मध्या, तू तं दवाखान्यात असतं. कायचा वास हाय हा?"

आता आलो बघा त्या जागेवर. किती फिरलो — मांजरं, मोजे, खुर्ची.

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. साहेबही. एक वाक्य पुरलं असतं : औषध मी दिलं. पण मग कुणाला विचारून दिलं, किती दिलं, हे प्रश्न आले असते. मी मूठ वळली, अंगठा उभा केला, तोंडाकडे नेला आणि मान जराशी मागे टाकली. पिणाऱ्याची खूण.

मांडव हसला. खोटं कशाला सांगू — त्या हसण्यानं मला बरं वाटलं.

गुरुजींना हेडमास्तरची जागा मिळाली नाही. चौकशीतही ते एवढंच म्हणाले, की औषध घेतलं होतं. कुणी दिलं, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती आणि डॉक्टरांच्या दारात पोलीस आले असते. डॉक्टरांनी मला विचारलं, बाटली एवढी खाली कशी? मांजरीनं पाडली, म्हणालो. शाळेतली पोरं गुरुजींच्या पाठीमागं अंगठा तोंडाला लावू लागली. माझाच अंगठा. सहा महिन्यांत त्यांनी बदली मागून घेतली.

पाच-सहा वर्षांनी हिंगणघाटला एका लग्नात मी ही गोष्ट रंगवत होतो. टोपी नाकावर आली, जीभ अडखळली, शेवटी अंगठा — आणि हशा. हशा ओसरला तेव्हा मागच्या रांगेत गुरुजी दिसले. केस पांढरे झाले होते. तेही हसत होते. शेजारच्या माणसाला म्हणाले, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, "माह्याच वर्गात होता हा. अंगठा बरोबर करते. त्या दिवशीही असाच केलता."

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. त्या गुंगीतही पाहिलं होतं.

मी त्यांच्याजवळ गेलो नाही. पंगत बसली तेव्हा दुसऱ्या दारानं निघालो. दोन वर्षांनी ते वारल्याचं कळलं. आणि ती नक्कल मी बंद केली का? नाही. त्यानंतरही करत राहिलो, शेवटची गेल्या उन्हाळ्यात केली.

औषध मी दिलं होतं. दिवसा, सर्दीच्या गोळीवर, थेंब न मोजता, डॉक्टरांना न विचारता.

उमाटे गुरुजी प्यायले नव्हते.