शेवटच्या रांगेतले दादा

बिट्टन मार्केटमध्ये हाटाचा दिवस होता. मेथीच्या दोन जुड्या हातात धरून मी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होते, तेवढ्यात शैलावहिनींचा फोन आला. "अगं, येतेस का जरा? हे गेले." बस, एवढंच. आवाज इतका साधा, की आधी मला वाटलं दादा कुठे गावाला गेले... मग कळलं. मेथी तिथेच टाकून रिक्षा केली आणि कोलार रोडला त्यांच्या घरी पोचले. सकाळचा चहा झाला होता, पेपर अर्धा वाचून झाला होता, चष्मा काढून नीट खिडकीत ठेवलेला होता. आयुष्यभर कुणाला त्रास दिला नाही या माणसाने, जाताना तरी कशाला देईल! आता त्याला सहा आठवडे झाले.

दादा म्हणजे आमचे जुने शेजारी, मुकुंददादा. लग्न होऊन मी उज्जैनहून भोपाळला आले, तेव्हा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये त्यांची आणि आमची भिंत एकच होती. ते आणि माझा नवरा दोघेही कारखान्यातच. दादा लोहारखात्यात. दिवसभर तिथे मोठाले घण तापल्या लोखंडावर पडायचे, आणि संध्याकाळी हाच माणूस हातपाय धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून गाणं ऐकायला निघायचा. माझ्या नवऱ्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. शैलावहिनी म्हणायच्या, "मला नाही बाई त्या खुर्च्यांवर तीन तास बसवत. तू जा यांच्याबरोबर, तेवढीच मला घरात शांतता." अशी मी दादांच्या स्कूटरवर मागे बसून मैफलींना जायला लागले, ती पस्तीस वर्षं जात राहिले. दर राखीला त्यांच्या हातावर राखी बांधायचे, त्यामुळे लोकांनाही काही बोलायला जागा नव्हती.

त्यांचे नियम ठरलेले. तिकीट सगळ्यात स्वस्त, म्हणजे शेवटची रांग. मध्यंतरानंतर पुढच्या खुर्च्या रिकाम्या होतात, सगळा भोपाळ सरकत सरकत पुढे जातो, पण दादा हलायचे नाहीत. "ज्या रांगेचे पैसे दिले, त्या रांगेत ऐकायचं. गाणं चांगलं असेल तर येईल की चालत आपल्यापर्यंत." बरोबर स्टीलचा डबा, त्यात वहिनींनी केलेला पातळ पोह्यांचा चिवडा. तो फक्त मध्यंतरात आणि फक्त बाहेरच्या पायऱ्यांवर बसून खायचा. आणि परतताना जवाहर चौकात यादवजींच्या टपरीवर चहा. तिथे पोचेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. चहाचा पहिला घोट पोटात गेला की विचारायचे, "हं, तिकीट कशात वसूल झालं?" तेव्हा त्या मैफलीतली एकच जागा सांगायची. एखादा सूर, एखादी तान, तबल्याचा एखादा तुकडा. सुरुवातीला मी आपली म्हणायचे, "सगळंच छान होतं की दादा." यावर ते हात हलवायचे. "सगळं छान म्हणजे काहीच ऐकलं नाहीस. एक जागा सांग. आणि दुसऱ्याला सांगितल्याशिवाय तिकीट वसूल होत नाही, हे लक्षात ठेव."

दहा रुपयांच्या तिकिटात काय काय ऐकलंय आम्ही! एकदा एका सत्तरीच्या बाई गात होत्या आणि माइकच बंद पडला. आयोजकांची नुसती धावपळ. बाईंनी हाताने त्यांना बसा म्हणून खूण केली आणि तशाच गायला लागल्या. सगळ्या सभागृहाने हातातले पंखे थांबवले, खोकणारे लोक उठून बाहेर जाऊन खोकून आले, आणि तो थकलेला आवाज खरोखरच चालत चालत शेवटच्या रांगेपर्यंत आला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. दुसरी मैफल एका म्हाताऱ्या सारंगीवाल्याची. ऐकायला जेमतेम वीसेक माणसं. त्यांची तार तुटली. ती बदलता बदलता ते स्वतःशीच तीच चीज गुणगुणायला लागले, कुणी ऐकतंय हे विसरून. त्या दिवशी टपरीवर दादा म्हणाले, "सारंगी छानच वाजवली गं. पण तार लावताना म्हातारा गुणगुणला ना... ते तिकिटात नव्हतंच. ते वर मिळालं." आणि एका फार मोठ्या नावाच्या गवयाने अर्धा वेळ स्वतःच्या परदेशवाऱ्या सांगितल्या, तेव्हा म्हणाले होते, "भाषण चौकात फुकट मिळतं. चल, आज चहाच वसूल करू."

आता जे सांगायचं आहे ते सांगायची लाज वाटते. पण सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक गायिका आल्या होत्या, घसा बसलेला, तरी जिद्दीने गायल्या. शेवटी भैरवी झेपेल असं वाटेना, तेव्हा खमाजातली छोटीशी ठुमरी म्हणून, नमस्कार करून उठल्या. भैरवी झाल्याशिवाय मैफल उठत नाही, हे गाणं ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, त्यामुळे लोकांत थोडी कुजबुजही झाली. टपरीवर मी माझी जागा सांगितली. दादांनी नेहमीसारखी ती दोनदा सांगायला लावली, अगदी तोंडाकडे बघत ऐकली. मग म्हणाले, "मला तर शेवटची भैरवी आवडली. काय आर्त लावली होती!" मला हसूच फुटलं. "अहो दादा, भैरवी झालीच कुठे आज? ठुमरी म्हणून उठल्या त्या! झोपला होतात की काय?" यादवजीही हसले, "बाबूजी, आज तो टिकट डूब गया!" दादांनी ग्लास हळूच फळीवर ठेवला. "हो गं," म्हणाले, "डोळा लागला असेल जरा."

पस्तीस वर्षांत मैफलीत त्यांचा डोळा कधी लागला नव्हता. तरी मला बाईला अक्कल सुचली नाही! पुढच्या मैफलीला म्हणाले गुडघा दुखतोय. त्याच्या पुढच्या वेळी घरी पाहुणे. तिसऱ्यांदा मी सरळ कोलार रोडला जाऊन धडकले. दादा दूध आणायला गेले होते. वहिनी भाजी चिरत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "त्यांना ऐकू येत नाही गं. वर्ष झालं असेल. इतक्या वर्षांच्या घणांनी कान खाल्ले. यंत्र आणलंय, पण ते घातलं की गवई पत्र्याच्या डब्यातून गातो म्हणतात. तुला सांगू नकोस म्हणाले होते." म्हणजे वर्षभर हा माणूस शेवटच्या रांगेत बसून नुसती तोंडं हलताना बघत होता, आणि भैरवी न ऐकता केवळ अंदाजाने, मैफल उठली म्हणजे भैरवी झालीच असणार असं समजून बोलला होता. आणि मी त्याला चारचौघांत हसले.

दादा आल्यावर माफी मागायची होती, पण दुधाच्या भावाबद्दल बोलूनच परत आले. मग एकच केलं. पुढच्या मैफलीची दोन तिकिटं काढली, दुसऱ्या रांगेची. ती बघून दादांचा पारा चढला. "वेड लागलंय का तुला? एवढे पैसे!" मी जोरात, अगदी त्यांच्या समोर उभी राहून म्हटलं, "शेवटच्या रांगेतून ऐकता येतं, बघता येत नाही. आता बघायचं." मला सगळं कळलंय हे त्यांना त्या क्षणी कळलं. मग वहिनींना म्हणाले, "डबा भर गं."

त्या दिवशी ते खरंच बघत होते. मान पुढे काढून, गवयाची बोटं, तबलजीचे खांदे... सगळं. टपरीवर पहिला घोट घेतला आणि मीच विचारलं, "हं दादा, एवढं महाग तिकीट कशात वसूल झालं?" दादा म्हणाले, "मागे तंबोऱ्यावर ती मुलगी होती ना... मधे गवई समेला चुकला. तबलजीच्या तोंडावरून कळलं मला. तबलजी हसला. ती मुलगी हसली नाही. तिने मान खाली घातली आणि तारा छेडत राहिली." एवढं बोलून ते चहा पिऊ लागले. त्यांच्या मनात काही नव्हतं, टोमणा मारणारा माणूसच नव्हता तो. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर दादा होते तोवर आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो, आणि मी माफी मागायची ती राहूनच गेली.

परवा, दादा गेल्यावर पहिल्यांदा, मी एकटी मैफलीला गेले. सवयीने शेवटच्या रांगेचं तिकीट घेतलं. बासरी होती. चांगली होती, पण माझं चित्त लागेना, मध्यंतरानंतर थोड्या वेळाने उठलेच. यादवजींकडे चहा घेतला. तिकीट कशात वसूल झालं, हे विचारणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सहज वहिनींकडे गेले. त्या ओट्यापाशी चिवडा परतत होत्या. म्हणाल्या, "काल गेली होतीस ना? मग सांग."

"काय सांगू?"

"जागा! दुसरं काय?" वहिनींनी गॅस बारीक केला. "अगं, पस्तीस वर्षं हे घरी आले की चप्पल काढायच्या आधी दोन जागा सांगायचे. एक तुझी, एक त्यांची. मी एक तिकीट काढलं नाही नि एक मैफल चुकवली नाही. ऐकू येईनासं झालं त्या वर्षी तर फक्त तुझीच सांगायचे. मी म्हटलं, मग जाता कशाला? तर म्हणाले, गवई लांब असतो, ती समोर बसून सांगते. मला तिथे गाणं ऐकू येतं."

मला रडू आवरेना. पस्तीस वर्षांचं सगळं एकदम आलं. भैरवीची ती गोष्टही सांगितली, कशी हसले ते. "ठाऊक आहे," वहिनी म्हणाल्या, "ते स्वतःच हसत हसत सांगत होते. म्हणे, आज पकडलं मला पोरीने." मग पदराला हात पुसून त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. मी बासरीतली एक जागा सांगितली. श्वास घ्यायला बासरीवाला थांबला, आणि त्याच्या शिष्याने तोच सूर अलगद पुढे धरून ठेवला, ती. वहिनींनी डोळे मिटून ऐकलं.

"आणि भैरवी?"

"ती... नाही ऐकली. आधीच उठले मी."

वहिनी उठल्या. मांडणीवरून तो स्टीलचा डबा काढला. झाकणावर दादांचं नाव घातलेलं आहे, घासून घासून आता पुसट झालंय. त्यात चिवडा भरला, झाकण दाबून बसवलं आणि डबा माझ्या पिशवीत ठेवला. म्हणाल्या, "पुढच्या वेळी पूर्ण ऐकून ये. अर्धं मला चालायचं नाही."