दहा हजार नऊशे एक्क्याण्णव

मला जमीन हवी आहे हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. कॅनडात, मार्कहॅमला लेकीच्या घरामागे अंगण आहे, पण अर्ध्यात बसायचा लाकडी डेक आणि उरलेल्यात शोभेचं गवत. कडेला मी मेथी लावली होती. जावयांनी ती दोनदा गवताबरोबर मशीनने कापली. त्यात त्यांची चूक नाही, मी बोललेच नव्हते.

आसपासच्या मराठी घरांना मी पोळ्या करून देते. ते पैसे लेकीने माझ्याच नावाने बँकेत ठेवलेत. एकदा भाजी निवडताना तोंडातून निघून गेलं, "या पैशात इथं जमिनीचा तुकडा येतो का गं?"

"आई, एवढ्यात इथं गाडी लावायला जागा पण येत नाही," लेक हसून म्हणाली.

जावई हसले नाहीत. ते आठवडाभर कॉम्प्युटरवर काहीतरी शोधत होते. मग एका रविवारी त्यांनी एक छापलेला कागद माझ्यासमोर ठेवला. इथं जमिनीचा टॅक्स काही वर्षं थकला की तिथली टाउनशिप, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारखं ऑफिस, मालकाला नोटीस देते. मग वर्षभर वाट बघते. तरी कुणी भरलं नाही तर जमीन विकायला काढते. कमीत कमी किती हे ते सांगतात. आपण आपला आकडा फॉर्मवर लिहायचा, त्या आकड्याचे शंभराला वीस या हिशेबाने बँकेचा ड्राफ्ट जोडायचा आणि पाकीट बंद करून द्यायचं. सगळ्यात मोठा आकडा असेल त्याची जमीन.

"म्हणजे कुणाची तरी ओढून घेतलेली?" मी विचारलं. "मला कुणाचे तळतळाट नकोत."

"आई, टॅक्स कापून वरचे पैसे कोर्टात ठेवतात. मालकाने मागितले तर त्याला मिळतात."

हे ऐकून मला बरं वाटलं. लेकीला मात्र नाही.

"तिथं घर बांधता येईल?" तिने नवऱ्याला विचारलं.

"बहुतेक नाही."

"पाणी?"

"नाही."

"मग टाउनशिप गॅरंटी कशाची देते?"

"कशाचीच नाही. रस्ता आहे, तेवढं मी मॅपवर बघितलंय."

"वा! म्हणजे सासू-जावई मिळून दगड विकत घेणार."

आम्ही बघायला गेलो. गाडीने अडीच तास, उत्तरेकडे. विक्री होईपर्यंत आत पाय ठेवायला परवानगी नसते, म्हणून कडेला गाडी लावून रस्त्यावरूनच बघितलं. पुढे खडक होता, मागे पांढऱ्या खोडाची झाडं. पण मधल्या सखल भागात गवत कमरेएवढं होतं. एवढं गवत माती खोल असल्याशिवाय वाढत नाही. मला तो तुकडा इतका आवडला, की परत येताना मी वाटेत एक शब्द बोलले नाही. लेकीला वाटलं, मला गाडी लागली.

आकडा अकरा हजार डॉलरचा ठरला. माझ्याकडे त्याहून फार जास्त नव्हतंच. बावीसशेचा ड्राफ्ट जावयांनी पाकीट द्यायच्या आदल्या दिवशी आणला. सकाळी ते फॉर्म भरायला बसले, तेव्हा मी चहा ठेवता ठेवता म्हटलं, "शेवटी शून्य नको. वर एक लिहा. शुभ असतं."

"आई, हा काय लग्नाचा अहेर आहे?" लेक म्हणाली.

"असू दे गं, एकच तर डॉलर," म्हणत जावयांनी अकरा हजार एक लिहिलं, पाकीट चिकटवलं. पाकिटावर मी हळदीचं बोट लावलं.

पाकीट दुपारी तीनच्या आत द्यायचं होतं. टाउनशिपच्या ऑफिसला पोचायला वीस मिनिटं राहिली असतील. मी मागच्या सीटवर पोळ्यांच्या पैशांचा करते तसा हिशेब करत होते. शंभराला वीस. अकरा हजाराला बावीसशे. आणि वरच्या एकाला?

एका डॉलरला वीस सेंट होतात, आणि ड्राफ्ट बावीसशेचाच होता. ड्राफ्ट एका सेंटने जरी कमी असला तरी फॉर्म बाद, असं जावयांनीच वाचून दाखवलं होतं. जावई बोलत असताना मधे बोलायची मला सवय नाही. ते लेकीला ऑफिसातलं काही सांगत होते. मी थांबले. त्यांचं संपेना.

"अहो, थांबा," मी मोठ्याने म्हटलं. दोघांनी वळूनच बघितलं. मी वीस सेंटचं सांगितलं.

जावयांनी गाडी बाजूला घेतली, फोनवर हिशेब केला आणि कपाळाला हात लावला. "मी दिवसभर लोकांच्या कोडमधल्या चुका काढतो!"

"चूक माझी," मी म्हटलं. "एक मी घालायला लावला."

"आता नवीन ड्राफ्ट मिळणार नाही. फॉर्म ऑफिसात नवा मिळेल. एक काढून टाकू, सरळ अकरा हजार लिहू."

"शून्य नको."

"आई!" लेक ओरडली.

"दहा हजार नऊशे एक्क्याण्णव लिहा. शेवटी एक राहतो, आणि ड्राफ्ट थोडा जास्तच होतो. जास्त चालतो ना?"

जावई इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. "चालतो, आई. जास्त चालतो."

काउंटरवरच्या बाईंनी नवा फॉर्म आणि पाकीट दिलं. तीन वाजायला सहा मिनिटं असताना आम्ही ते आत दिलं.

तीननंतर सगळ्यांसमोर पाकिटं फोडली. आमच्या तुकड्यासाठी चार होती. एकात साधा चेक होता, बँकेने पक्का केलेला नव्हता, तो बाजूला गेला. एक नऊ हजारांचं. मग आमचं. इंग्रजी आकडे मला कळतात, मी लेकीचा हात घट्ट धरला. शेवटचं पाकीट तेरा हजार चारशेचं निघालं.

रात्री मी पोळ्या केल्या आणि तीन करपवल्या.

जावयांनी सांगितलं होतं, की पहिल्याला बाकीचे पैसे भरायला दोन आठवडे असतात आणि दुसऱ्याचा ड्राफ्ट तोवर टाउनशिपकडेच राहतो. मी आशा धरली नाही, पण पत्रांची पेटी रोज मीच उघडायला लागले. तिसऱ्या आठवड्यात जाड पाकीट आलं. वाचता येईना म्हणून ते हातात घेऊन मी लेक येईपर्यंत बसून राहिले.

तिने उभ्या उभ्या वाचलं. पहिल्याने पैसे भरले नव्हते. आता आम्हाला विचारलं होतं.

"आई, तुझा दगड आला," ती म्हणाली आणि मला मिठी मारून रडायला लागली. मी तिला पाणी दिलं.

बाकीचे पैसे भरले आणि कागद माझ्या एकटीच्या नावावर झाला. शरदात आम्ही गेलो, सखल जागेत गवत काढलं आणि लसणाच्या पाकळ्या टोचल्या. इथं लसूण बर्फाखाली राहतो आणि उन्हाळ्यात निघतो. जावई कुदळ मारायचे, की ठण्ण आवाज यायचा आणि लेक म्हणायची, "आला अजून एक." मग खडकावर बसून आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली.

तेवढ्यात रस्त्यावर एक लाल ट्रक थांबला. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने काच खाली करून विचारलं, ही जमीन कुणाची. एवढं इंग्रजी मला कळलं. लेक आणि जावई खाऊन मागे झाडांत गेले होते. मी हात पुसत उभी राहिले.

"माइन," मी म्हटलं.

बाई खूश होऊन भराभर पुढचं काहीतरी विचारायला लागल्या. त्यातलं मला काहीच कळलं नाही, म्हणून मी हसत त्यांना उरलेली भाकरी दिली आणि लेकीला हाक मारली.