शंकरण्णाने सांगितलेला शेवट

खाकी चिकटपट्टीचा वास आला की मला सौदीतल्या दम्मामचा कॅम्प आठवतो. आखाती युद्ध चालू होतं. विषारी गॅसच्या भीतीने खोलीच्या फटी आम्ही त्याच पट्टीने बुजवल्या होत्या. आम्ही रत्नागिरीचे तिघे वेल्डर आणि हुबळीचा शंकरण्णा, त्याने आणलेल्या कॅसेटवर कन्नड सिनेमा बघत होतो. पोलीस आणि गुंडांचा. पोलिसांची बदनामी केली म्हणून तिकडे कर्नाटकात त्यावर बोंबाबोंब झाली होती. संवाद तो हिंदीत सांगायचा.

टोळीने इन्स्पेक्टरला गल्लीत घेरलं आणि बाहेर हल्ल्याचा भोंगा वाजला. कॅम्पची वीज घालवली. ओले टॉवेल तोंडावर धरून आम्ही अंधारात बसलो. आम्हा तिघांतल्या इब्राहिमची बायको गावी गरोदर होती. त्याचे दात वाजत होते.

"अण्णा, आगे क्या हुआ?" त्याने विचारलं.

"बच गया रे. घर गया. माँ ने बांगडे का सालन बनाया."

टॉवेलाआड इब्राहिम हसला.

काल नातीने तो अर्धवट राहिलेला सिनेमा मोबाईलवर शोधून दिला. इन्स्पेक्टर त्याच गल्लीत मरतो. त्याची आई सिनेमात कुठेच नाही. आणि शंकरण्णाने तर जन्मात कधी मासा खाल्ला नव्हता.